झिपरीचा पत्ता

थोरलीला हसताना फार कमी लोकांनी पाहिलंय, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांनी ते झिपरीमुळे पाहिलंय. दोघी बहिणी आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी विग बनवायच्या. दवाखान्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत मापं घ्यायची खुर्ची आणि आरसा, दुसरीत खिडकीपाशी दोन टेबलं आणि त्यांवर ओळीनं मांडलेली कापडी डोकी. बारीक आकडीच्या सुईनं जाळीवर एकेक केस गाठवत बसायचं. मान मोडून येते, डोळ्यांची वाट लागते. थोरली ते काम परीक्षेला बसल्यासारखं करायची. झिपरी गप्पा हाणत करायची, आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की तिचंच काम जास्त सुबक व्हायचं.

झिपरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी डोक्याला कंगवा लावू द्यायची नाही, म्हणून आईनं वैतागून ठेवलेलं. चिकटलं ते चिकटलंच. मोठी होऊन लोकांच्या डोक्यांवर केस बसवू लागली, तरी स्वतःच्या डोक्याचं टोपलं तसंच. वेबसाइट काढली तीही तिनं याच नावानं. विगचे फोटो काढायला मॉडेल कुठून आणणार? स्वतःच बसली. आखूड केस, लांब केस, कुरळे, सरळ, पिकलेलेसुद्धा. सगळ्यांखाली चेहरा एकच, झिपरीचा, कसंबसं हसू दाबून धरलेला.

थोरलीला त्या नावाची लाज वाटे. "डॉक्टरीणबाईंना काय सांगू? पेशंटला झिपरीकडे पाठवा म्हणून?" असं म्हणून तिनं दुकानाच्या भारदस्त नावानं वेबसाइटला दुसरा पत्ता घेतला. मग एका शहाण्या मावसभावानं सांगितलं, की गावाचं नाव जोडून तिसराही घेऊन टाका, जितकी दारं जास्त तितकी गिऱ्हाइकं जास्त. तोही घेतला. तिन्ही पत्त्यांवर वेबसाइट तीच, शब्द न् शब्द तीच. आणि झालं काय? इंटरनेटवर कुणी विग शोधायला गेलं, की तिन्हींतला एकही पत्ता वर येईना.

शेवटी वेबसाइटवाल्याला बोलावलं. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, आरशात स्वतःचं टक्कल बघून जरा ओशाळला आणि म्हणाला, "अहो ताई, सर्च इंजिनाला तुमची तीन दारं दिसत नाहीत, तीन दुकानं दिसतात. तिन्हींत तोच माल, तेच फोटो. अस्सल कोणतं नि नक्कल कोणती, त्यानं ओळखायचं कसं? कुणी तुमची शिफारस केली तर तीही तिन्हींत वाटली जाते. एक पत्ता मुख्य करा. बाकीच्या दोन्हींवर अशी सोय करायची, की आम्ही कायमचे तिकडे राहायला गेलो, येईल त्याला तिकडे पोचवा."

"मग मुख्य कोणता ठेवायचा?" थोरलीनं विचारलं, पण उत्तर तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"घे गं तुझाच," झिपरी सुईवरची नजर न काढता म्हणाली. "माझं नाव आता पोस्टमन. जो येईल त्याला तुझ्या दारात आणून सोडीन. फक्त मला हाकलू नकोस म्हणजे झालं."

"मी तेच सांगणार होतो," वेबसाइटवाला म्हणाला. "जुनी नावं सोडायची नाहीत हं. दर वर्षी मुदत वाढवत राहायची."

"ऐकलंस का, बाईसाहेब?"

"ऐकलं. कान आहेत मला."

पुढच्या काही महिन्यांत भारदस्त नाव खरोखरच वर आलं, आणि थोरली सगळ्यांना सांगत सुटली की बघा, मी म्हणत नव्हते!

झिपरी गेली ती सकाळी चहा पिताना. डोकं दुखतंय म्हणाली, कप खाली ठेवला, आणि दुपारी ती नव्हती. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. यावर कुणी काय बोलायचं?

थोरली अशा वेळी रडणाऱ्यांतली नव्हे, काम उपसणाऱ्यांतली. तिनं झिपरीचं बँकेतलं खातं बंद केलं, फोन बंद केला, विम्याचं निस्तरलं. ईमेलसुद्धा बंद करून टाकलं, कारण त्यात अजून बायकांची पत्रं येत होती, 'तुम्ही दिलेल्या केसांत मी मुलीच्या लग्नात नाचले' असली, आणि ती हिला वाचवत नव्हती. सगळं कसं नीट, एकही धागा लोंबता न ठेवता. नातेवाईक म्हणाले, केवढी खंबीर पोर! वेबसाइटला मात्र तिनं हात लावला नाही. फोटो होते तसे राहिले.

राहिले ते आईसाठी. दुपारचं जेवण झालं, की आई फोन घेऊन खिडकीशी बसायची आणि एका बोटानं टिपून टिपून झिपरीचा पत्ता टाकायची. ते भारदस्त नाव तिच्या ध्यानातच राहत नसे. पत्ता टाकला, की क्षणभर कोरं पान, आणि मग लेक समोर. आज कुरळ्या केसांत, उद्या पिकलेल्या. "म्हातारी झाली असती तर अशी दिसली असती बघ," आई एकदा म्हणाली. थोरली ताटं उचलून आत गेली.

वर्ष उलटून गेल्यावर एक बाई माप द्यायला आली. डोक्याला रुमाल, हातात जुनं कार्ड. दवाखान्यातली नर्स अजून झिपरीच्या वेळची कार्डं वाटत होती. बाई म्हणाली, "यावरच्या वेबसाइटच्या पत्त्यावर गेले तर जुगार निघाला हो. मला वाटलं, तुम्ही दुकान गुंडाळलंत."

थोरलीनं पत्ता टाकून पाहिला. काळ्या पडद्यावर फासे गरगरत होते आणि वरून सोन्याची नाणी पडत होती.

बाईचं माप कसंबसं घेऊन तिनं वेबसाइटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मुदत संपल्याच्या सूचना कुणाच्या ईमेलवर येत होत्या?"

"तिच्या."

"मग तुम्ही ते..."

"मी बंद केलं."

"बाकीची दोन नावं तुमच्या ईमेलवर होती, ती वाचली," तो हळूच म्हणाला. "असल्या जुन्या नावांवर लोक टपूनच असतात, ताई. दवाखान्यांच्या वेबसाइटांवरून त्या पत्त्याकडे रस्ते आलेले, सर्च इंजिनात त्याची पत तयार. आयतं मिळतं त्यांना."

"परत मिळेल?"

"त्या लोकांना लिहून बघतो," तो म्हणाला. त्यानं लिहिलंही. उत्तर आजतागायत नाही.

थोरलीनं दुकानाला कुलूप घातलं आणि तडक घरी निघाली. डोक्यात एकच, आई कालपर्यंत काही बोलली नाही, म्हणजे हे आजचंच असणार; अजून ती जेवली नसेल, फोन उघडला नसेल. एकदा का तिनं ते फासे पाहिले, की संपलं.

आई नुकती जेवायला बसत होती. "आज एवढ्या लवकर?"

"काम नव्हतं. तुझा फोन दे जरा." तिनं घाईघाईनं मुख्य पत्ता शोधला आणि फोनच्या पहिल्याच पडद्यावर झिपरीच्या चेहऱ्याचं चित्र ठेवलं. "आता काही टाकत बसायचं नाही, आई. इथं बोट लावायचं, की आली."

आईनं बोट लावलं. झिपरी आली, लांब केसांत. आई बघत राहिली. "छान केलंस," म्हणाली. मग म्हणाली, "त्या जुगारवाल्यांकडून नाही ना मिळायचं परत?"

थोरली खुर्ची ओढून बसली. "तुला कधी कळलं?"

"झाले पुष्कळ दिवस. आधी वाटलं माझंच बोट चुकलं. पुन्हा टाकलं. पुन्हा आपले ते फासे."

"अगं, पण तू तर रोज खिडकीशी बसतेस!"

"बसते. फोन हातात धरून बसते. सुट्टीच्या दिवशी तू दारातून डोकावून जातेस ना, म्हणून."

"सांगायचं नाहीस मला?"

"सांगून काय केलं असतंस? स्वतःलाच खात बसली असतीस. एक गेली. दुसरीला कशाला..."

झिपरी गेली तेव्हा न रडलेली थोरली तिथं जेवणाच्या टेबलाशी रडली, तोंड वेडंवाकडं करून. "तिनं एवढंच मागितलं होतं गं. हाकलू नकोस म्हणाली होती. आणि मीच..."

"हो, तूच," आई म्हणाली. खोटं बोलून समजूत काढणाऱ्यांतली नव्हे ती. मग ताट पुढं करत म्हणाली, "पण जाणून नाही. आता भात वाढ, निवतोय."

नर्सकडून उरलेली कार्डं मागवून घेतली. संध्याकाळी थोरली पेन घेऊन बसली, पण पहिल्याच कार्डावर हात अडला. आईनं पेन काढून घेतलं. "खोडायचं नाही. वरून पट्टी चिकटव." मग थोरली नव्या पत्त्याच्या पट्ट्या कापू लागली आणि आई डिंक लावून एकेक जुन्या नावावर दाबून बसवू लागली.

"काय गं हे नाव तुझं," आई पट्टी डोळ्यांजवळ धरून म्हणाली. "वाचता वाचता दम लागतो. लक्षात कुणाच्या राहायचं?"

"तीही हेच म्हणायची," थोरली म्हणाली, आणि तिनं पुढची पट्टी कापली.