दुमडलेले कोपरे

गावच्या शाळेत मास्तरांनी आम्हाला एक गोष्ट छडीने शिकवली: कागदाचा कोपरा दुमडलेला दिसता कामा नये. बाकीचं शिक्षण कुठे सांडलं ते विचारू नका, पण ही शिस्त पंच्याहत्तरी उलटली तरी हातात मुरलेली. माझ्या सुनेची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते.

सूनबाई एका इस्टेट एजंटच्या कचेरीत एकोणीस वर्षं आहे. दर घराचं एक पुठ्ठ्याचं कार्ड: खोल्या किती, पाणी कधी, घरमालक तिरसट की बरा. आणि ज्या घरात जिवाला धोका, म्हणजे खिळखिळा जिना, उघडी वीजतार, त्याच्या कार्डाचा उजवा कोपरा ती दुमडायची. लिहायची सोय नव्हती. लिहिलं की घरमालक चिडून दुसरा एजंट गाठणार. दुरुस्ती झाली की कोपरा सरळ, तोवर ते घर कुणाला दाखवायचं नाही. ही खूण तिची तिलाच ठाऊक.

यंदा एजंटने वेबसाइट नवी करायला घेतली. वेबसाइटवाला म्हणाला, “ताई, कार्डं यंत्रातून सरकवली की माहिती डेटाबेसात. धोक्याच्या घरांना वेगळा रकाना करतो, तेवढी यादी द्या.” यादी करायला तिने कार्डांचे गठ्ठे घरी आणले. “वाकडं कार्ड यंत्रात अडकतं हो, मामंजी,” असं बोलता बोलता म्हणाली आणि दिवसभरासाठी बहिणीकडे गेली.

मला कोण आनंद! सुनेच्या उपयोगी पडायची संधी चालून आली होती. इस्त्री तापवली, पाण्याचा हबका मारला आणि एकूण एक कोपरा सपाट केला. मास्तर असते तर पाठ थोपटली असती.

संध्याकाळी तिने गठ्ठा उघडला. मी म्हणालो, “बघ, कशी करकरीत!”

तिने कार्डामागून कार्ड उलटून पाहिलं. मग तिने सांगितलं तेव्हा मला कोपऱ्यांचा अर्थ कळला.

“अगं, पण घडीची रेघ दिसतेच की!”

“दुरुस्त झालेल्या घरांवरही तीच रेघ आहे, मामंजी. शेकड्यांनी.”

दुमडलेली एकेचाळीस होती, म्हणाली. आठवून आठवून चार दिवसांत चाळीस लिहून काढली. एक काही केल्या आठवेना. जेवताना घास हातातच राहायचा. एजंटला सांगितलं तर तो म्हणाला, “एका घरासाठी दुकान बंद ठेवू का?” आणि वेबसाइट सुरू झाली. दिसायला मात्र देखणी! मीही मोबाइलवर घरं बघत बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात मीच कौतुकाने तिला दाखवलं, “ही गॅलरी बघ, काय झोकदार!”

फोटो बघताच तिला एकेचाळिसावं घर आठवलं. खाली लिहिलं होतं: भाड्याने दिले.

मला घेऊन तिने तडक रिक्षा पकडली. त्या इमारतीखाली उभं राहून आम्ही वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर एक बाई कठड्यावर पोट टेकून चादर वाळत घालत होती.

“ताई, आत जा! कठडा सुटलाय!” सूनबाईने हाक दिली.

“काय म्हणता?” म्हणत बाई ऐकायला आणखी वाकली. माझ्या खांद्यावर सिमेंटचा भुगा पडला, मागोमाग पायाशी मुठीएवढा तुकडा. माझ्यासमोर कधी आवाज न चढवणारी सूनबाई अशी किंचाळली की बाई दचकून मागे सरली. चादर तेवढी खाली आली.

रकान्यात आता एकेचाळीस घरं आहेत. परवा मी म्हणालो, “झालं ना गं पूर्ण? जेव आता पोटभर.”

तिने ताट सरकवलं.

“मामंजी, एकेचाळीस हा आकडा तरी मी कुठे लिहून ठेवला होता?”