तेरणाची हाक

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग डोंगराळ भागातल्या फौजेच्या एका कंपनीत होती. मी हुद्द्यानं नाईक, काम डॉग हँडलरचं. गाव माकणी, तालुका लोहारा. माझ्या ताब्यात तेरणा होती, अडीच वर्षांची पिवळसर कारवानी कुत्री. नाव मीच सुचवलं. गावच्या नदीचं नाव कुत्रीला देतोस म्हणून ट्रेनिंगमधले उस्ताद हसले, पण कागदावर तेच चढलं.

लोकांना वाटतं, फौजेतलं कुत्रं म्हणजे सारखं गुरगुरणारं, दिसेल त्याच्या अंगावर जाणारं. तसलं काही नसतं. रस्त्यात पुरलेली स्फोटकं हुंगून काढायची, हे आमचं काम. वास लागला की कुत्र्यानं तिथंच बसायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज झाला तर शत्रूला आपली जागा कळते. म्हणून भुंकणं ही चूक, आणि चूक हँडलरच्या नावावर. कारवानी जात याच कामासाठी निवडली होती, कारण ती भुंकतच नाही म्हटलं तरी चालेल. ससा दिसला तर गुपचूप पळते. परका माणूस आला तर नुसती उठून उभी राहते.

आमच्या घरी माझ्या आजोबांपासून कारवानी होती. पाहुणे वडिलांना चिडवायचे, "तुमचं कुत्रं मुकं हाय का वो?" वडिलांना ते झोंबायचं, कारण ते मुकं नव्हतं. जे हलत नाही आणि ज्याच्याजवळ जायची भीती वाटते, त्याच्यापुढं कारवानी एकदाच ओरडतं. आवाज आखूड असतो, आणि लगेच दोन पावलं मागं सरतं. कडब्याच्या गंजीत साप असला की हमखास. या आवाजाला आमच्याकडं भुंकणं म्हणत नाहीत. "कुत्र्यानं हाक मारली" म्हणतात, आणि हातातलं काम टाकून सगळे मागं सरतात.

ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये मी विसरलो, असं सांगणं सोपं आहे. पण विसरलो नव्हतो. गावाकडचं शहाणपण गावाकडं, असं म्हणून बाजूला ठेवलं होतं. सुरुवातीला तेरणानं दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी पट्टा ओढून "गप" म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं मारली नाही. रिपोर्टवर "बार्किंग निल", म्हणजे भुंकणं शून्य, असा शेरा आला आणि मी छाती काढून फिरलो.

अख्ख्या कंपनीत धाराशिव जिल्ह्याचे आम्ही दोघंच. दुसरे हवालदार माने, भूम तालुक्यातल्या ईटचे, आमच्या पार्टीचे कमांडर. ड्यूटीवर मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ड्यूटी संपली की दादा. ते मला माकणीकर म्हणायचे. "माकणीकर, तुमच्या तेरणेला पाणी कमी अन् नखरे लई," हे त्यांचं रोजचं. नदीबद्दल बोलतात की कुत्रीबद्दल, ते आपण समजून घ्यायचं. त्यांच्याही घरी कारवानी होतं. पहिल्याच दिवशी तिचे कान चाचपून म्हणाले, "हिला लई शिस्त लावू नकोस. जात बिघडंल." मी हसण्यावारी नेलं.

त्या दिवशी हजेरीचा फॉल-इन साडेपाचला झाला. नऊ वाजता फौजेच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय येणार होता. त्याआधी साडेचार किलोमीटर रस्ता तपासून मोकळा करायचा होता. पार्टीत माने धरून नऊ माणसं आणि तेरणा. रात्री पाऊस पडून गेला होता. रस्त्याखालची पहिली मोरी सात दहाला तपासून झाली. क्लिअर.

सात पंचवीसला आम्ही वळणाजवळ पोचलो. डाव्या हाताला दरड, उजवीकडं नाला. वारा समोरून येत होता. तेरणा माझ्यापुढं लांब पट्ट्यावर होती. ती थांबली. बसली नाही. एकदा ओरडली आणि दोन पावलं मागं येऊन माझ्या गुडघ्याला टेकली.

"गप," मी म्हणालो. पट्टा ओढला.

मागून माने आले. "काय झालं?"

"काय न्हाय उस्ताद. बसली न्हाय. वास लागला असता तर बसली असती."

वायरलेस सेट खरखरला. "अल्फा वन, पोजिशन बताओ. ओव्हर."

"मोड के पास. वेट. ओव्हर." माने सेटवर बोलत होते, पण नजर तेरणावर होती. तिनं पुढचे पाय जमिनीत रोवले होते. मी ओढत होतो आणि ती येत नव्हती. मानेंनी आवाज खाली आणून विचारलं, "माकणीकर, नीट सांग. ही हाक हाय का भुकणं?"

उत्तर मला ठाऊक होतं. आजही शपथेवर सांगतो, ठाऊक होतं. पण हाक म्हटलं तर माझ्या कुत्रीचा "निल" जाणार होता, आणि वळणापाशी मला कॉन्व्हॉयचा उशीर दिसत होता.

"भुकणं," मी म्हणालो.

मानेंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग हात वर करून पार्टी थांबवली. "सगळे पन्नास मीटर मागं. कव्हर घ्या. तू बी. कुत्रीला घेऊन जा."

"उस्ताद, मी पुढं जातो."

"ऑर्डर हाय."

कॉन्व्हॉय थांबवायला त्यांनी सेटवर सांगितलं. मग जमीन टोचायची सळई घेऊन एकटेच वळणाकडं गेले. गुडघ्यावर बसून टोचत पुढं सरकताना मी त्यांना पाहिलं. सात एकतीसला धमाका झाला. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. तेरणा माझ्याखाली होती, तिला मी दाबून धरलं होतं. तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. आम्हा आठ जणांपैकी कुणाला मोठं खरचटलंही नव्हतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "डॉग ने इशारा दिया था?"

"दिया था, साब. मैंने चुप कराया."

ते लिहून घेतलं गेलं. मला काय शिक्षा झाली ते इथं सांगत नाही, ती कमीच होती. मला माझा राग तेव्हा आला आणि अजून जात नाही.

तेरणा एका कानानं बहिरी झाली, म्हणून तिला कामावरून काढलं. मी अर्ज करून तिला घरी आणलं. माकणीला आल्यावर आठव्या दिवशी तिला गाडीत घातलं आणि ईटला गेलो. मानेंच्या घरी वहिनी अंगणात तुरी पाखडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. कुत्रीकडं बराच वेळ बघत होत्या.

"हीच व्हय ती?"

"व्हय."

"लोक म्हणत्यात कुत्रीला कळलंच न्हाय. खरं सांगा भाऊजी. ती भुकली व्हती का?"

"न्हाय वहिनी. भुकली न्हाय. हाक मारली."

त्या ईटच्या. त्यांना हाक म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. त्या खाली बसल्या. "मग यांनी ऐकली कशी न्हाय?"

"दादांनीच ऐकली. म्हणून तर आम्ही आठ जण हाय. म्या न्हाय ऐकली. त्यांनी मला विचारलं तवा म्या भुकणं म्हणलं."

वहिनी उठल्या. पदरानं तोंड पुसलं, आत गेल्या आणि जर्मनच्या वाडग्यात पाणी घेऊन आल्या. वाडगं तेरणापुढं ठेवलं. माझ्यापुढं काही ठेवलं नाही. तेरणा पाणी पिईपर्यंत मी उभाच होतो.