कुजबुजकाकांचा पहिला शब्द

टेकडीमागचं जंगल पेटलं आणि आमच्या बंद नाट्यगृहाला पुन्हा गर्दी लाभली. खुर्च्यांच्या रांगांमधून गाद्या पसरल्या. बेकरीवाल्यानं पाव पाठवले, आम्ही कपडेपट उघडला. पोस्टमन राजाच्या अंगरख्यात बसला होता. "महाराज, चहा?" मी लवून विचारलं.

"राज्य जळालं, प्रधानजी. चहा तरी गरम द्या!"

कुजबुजकाका गाद्या झटकत होते. काका म्हणजे आमचे प्रॉम्प्टर. उभं आयुष्य विंगेत स्टुलावर गेलं. नट अडखळला की पहिला शब्द तेवढा द्यायचे; पुढचं त्याचं त्यानं बोलायचं. काकू म्हणायच्या, "घरातही एका शब्दात भांडतात!"

तेवढ्यात ट्रकनं एका आजींना आणलं. एकट्याच. आजोबा मागे राहिले होते आणि ड्रायव्हरनं पाहिलं तेव्हा घर रिकामं होतं. वारा फिरला होता, वाट बंद व्हायच्या आत एकच फेरी शक्य होती.

"आजी, आजोबा कुठं गेले?" ड्रायव्हर ओरडला. शेजारणींनी खांदे उडवले. मीही माझा रंगमंचावरचा आवाज लावला. आजी आणखीच आक्रसल्या. ओठ हलत होते, शब्द फुटेना.

काकांनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं. स्टूल आणून आजींच्या समोर नाही, जरा मागे बसले.

"आम्ही निघालो..." ते कुजबुजले.

"आम्ही निघालो. कुलूप लावलं." थांबल्या.

"आणि हे..."

"आणि हे म्हणाले, तू गाडीत बस."

आजी पुन्हा अडखळल्या. बाहेर इंजिन घुरघुरत होतं. माझा जीव टांगणीला लागला; काका मात्र ढिम्म. आठवत असलेल्या माणसाला मध्येच टोकायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग अगदी हळू, "मी..."

"मी म्हैस सोडून येतो. ओढ्यापलीकडच्या गोठ्यातली!"

ड्रायव्हर धावला.

मग नुसतं वाट पाहणं. खिडकीतलं आभाळ तांबडं झालं. पोस्टमनचा चहा निवला. "येतील ना हो?" आजींनी विचारलं. काकांनी फक्त स्टूल जवळ ओढलं.

अखेर दाराशी हॉर्न वाजला. भुवया जळालेले आजोबा खोकत उतरले. आजी पाहतच राहिल्या. मी घाईघाईनं काकांकडे पाहिलं. ते स्टूल उचलून निघालेसुद्धा होते.

मागून आजींचा खणखणीत आवाज आला, "म्हैस मोठी की मी?"