नकाशाच्या खोलीतला उजेड

टपालबाई. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह नीटनेटके नोंदलेले होते. परंतु मुलांनी ठेवलेल्या नावापुढे त्याचा निभाव लागला नाही, आणि पुढे पुढे कार्यालयातला लेखनिकदेखील त्यांना याच नावाने हाक मारू लागला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या पाचवी ते आठवीच्या सरकारी शाळेत भाषाशिक्षिका म्हणून रुजू झाल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि सत्तराव्या वर्षी वारल्या. लग्न केले नाही. धाकट्या बहिणीसह दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना त्यांचे व्याकरण आठवते, अक्षर आठवते, आणि वाचनालयातली त्यांची खुर्ची आठवते. हे टिपण त्या खुर्चीसंबंधी आहे.

त्या शाळेत एक प्रथा होती. दर सहामाहीला पालकांची सभा भरे आणि तीत शाळेविषयीची मते मांडली जात. पालकांनी आपले मत उभे राहून स्वतः सांगावे, मुलांचे मत मात्र त्यांच्या वतीने एका शिक्षकाने सांगावे, असा रिवाज होता. कारण साधे होते. पूर्वी कधी काळी एका मुलाने भर सभेत बापादेखत शाळेची उणीदुणी काढली, आणि त्याचे उत्तर त्याला घरी गेल्यावर पाठीवर मिळाले. तेव्हापासून सभेच्या आधीच्या आठवड्यात मुले एकेक करून वाचनालयात येत, टपालबाईंना मनातले सांगत, आणि टपालबाई ते नाव न घेता, इयत्ता न सांगता, सभेत पोहोचवीत. ऐकताना त्या मुलाकडे पाहात नसत. पुस्तकांना कव्हरे घालीत बसत, म्हणजे मुलाची जीभ सैल होई.

त्या काळचे मुख्याध्यापक कपड्यांच्या कडक घडीमुळे मुलांत 'इस्त्रीसर' म्हणून ओळखले जात. प्रथेला त्यांनी आपला एक नियम जोडला होता. "मत वस्तूबद्दल असावं, बाई. माणसाबद्दल नको," ते म्हणत. "माणूस आला की भांडण आलं. नळाशी कोणी भांडत नाही."

टपालबाईंना हा नियम मनापासून पटला. व्यवस्थेची त्यांना आवड होती, आणि ओबडधोबड बोलण्यातून सुबक वाक्य काढण्यात त्यांचा हातखंडा होता. एखादा मुलगा सांगे, "पाणी प्यायला गेलं की आठवीतले ढकलून देतात." बाई सभेत म्हणत, "पाण्याच्या टाकीस आणखी एक नळ असावा, अशी विद्यार्थ्यांची इच्छा आहे." नळ बसे. पालक माना डोलावीत. ढकलाढकली तिथून उठून दुसरीकडे जाई, आणि ती कुठे गेली हे पाहण्याची जबाबदारी नळावर नव्हती.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. बाजारपेठेच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याची ती लेक. दोन घट्ट वेण्या; ती स्वतःच्याच कपड्याच्या काठाचा दोरा उसवत राहिली.

"बोल, बाळ. मी कव्हर घालतेय, तू बोल."

"नकाशांच्या खोलीत नको वाटतं."

"का गं?"

"आत घालतात आणि बाहेरून कडी लावतात. आत अंधार असतो."

"कोण?" हा प्रश्न बाईंच्या तोंडून निघून गेला, आणि मुलीने नाव सांगण्यासाठी ओठ उघडलेही होते. पण बाईंना नियम आठवला. त्यांनी हात वर केला. "नको, राहू दे. नाव नको सांगूस. मी सांगते हं सभेत."

मुलगी तेवढ्यावर समाधान मानून गेली. आपले काम झाले, आता मोठ्यांचे काम सुरू झाले, असेच तिला वाटले असणार.

सभेच्या दिवशी शिंपी गळ्यातली मापाची फीत तशीच ठेवून उभा राहिला. "आपल्याला भाषण येत नाही," तो म्हणाला. "पण शाळेला नावं ठेवायला जागा नाही. पोरगी घरी येते, मुकाट अभ्यासाला बसते. एका शब्दाची तक्रार नाही. आमच्या वेळी आम्ही मास्तरांच्या नावानं रोज बोटं मोडायचो." लोक हसले. मग टपालबाई उठल्या आणि म्हणाल्या, "नकाशांच्या खोलीत उजेड अपुरा आहे, असे विद्यार्थ्यांचे मत आहे."

तीन वाक्यांतून माणसे वगळली की मागे फक्त अंधार उरत होता. तो त्यांनी प्रामाणिकपणे पोहोचवला.

दिवा बसला. तार तोकडी पडली म्हणून बटण दाराच्या बाहेर, कडीच्या शेजारी आले. पुढे सहामाही पुरी व्हायच्या आतच शिंपी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. "मन लागत नाही म्हणते. कारण विचारलं तर भिंतीकडे बघते. बाई, तुमच्यापाशी काही बोलली होती का?"

"मुलांनी सांगितलेलं मी बाहेर सांगत नाही," टपालबाई म्हणाल्या. "तसा नियम आहे."

शिंप्याने मान लववली. अशी शिस्तीची शाळा सोडावी लागते याचे त्याला वाईट वाटले, आणि जाताना तो तसे म्हणालाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात टपालबाईंना पहिल्यांदा ते दिसले. संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावून त्या व्हरांड्यातून निघाल्या होत्या. नकाशांच्या खोलीच्या दाराखाली उजेडाची पिवळी रेघ होती. कोणी दिवा विसरले असेल म्हणून त्यांनी बटणाला हात लावला, तर ते बंदच होते. कडी काढून दार उघडले. आत अंधार, गुंडाळलेले नकाशे, खडूचा कुबट वास. दार लोटून वळल्या, तर रेघ पुन्हा होती.

दुसऱ्या दिवशी तारतंत्री आला. त्याने बटण उघडले, तारा हुंगल्या, मान हलवली. "दोष काही नाही, बाई. चष्म्याचा नंबर बघून घ्या." इस्त्रीसरांनी दिवाच काढून टाकायला सांगितला. दिवा काढला, रेघ गेली नाही. मात्र ती टपालबाईंवाचून दुसऱ्या कोणाला दिसत नव्हती. त्यांनी पुन्हा कोणाला सांगितले नाही. फक्त संध्याकाळी निघताना मैदानाच्या बाजूने, लांबचा वळसा घालून जाऊ लागल्या. बहिणीने विचारले, "ताई, उशीर का होतो हल्ली?" त्या म्हणाल्या, "पायांना व्यायाम." बहिणीला ते खरे वाटले नाही, पण ज्या घरात दोनच माणसे असतात तिथे प्रत्येक गोष्ट सोलून पाहायची नसते.

इस्त्रीसर निवृत्त झाले, मुख्याध्यापक बदलत राहिले, नियम राहिला. टपालबाईंचे निवृत्तीचे वर्ष उजाडले. त्या वर्षीच्या सभेआधी पाचवीतली एक मुलगी वाचनालयात आली. चेहरा ओळखीचा वाटला. कोणाचा, ते उलगडेना. बाईंनी पुस्तक आणि कव्हराचा कागद हाती घेतला.

"बोल, बाळ."

"माझं काही नाही," मुलगी म्हणाली. "वर्गशिक्षकांनी सगळ्यांना पाठवलंय म्हणून आले. आईनं सांगितलंय, टपालबाईंशी काही बोलायचं नाही. जे असेल ते घरी येऊन मला सांगायचं."

"तुझी आई काय करते?"

"शिवते. आजोबांचंच दुकान आहे, बाजारपेठेच्या तोंडाशी."

टपालबाईंचा हात कागदाच्या घडीवर थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ऐकताना समोरच्या मुलाकडे पाहिले.

शाळा सुटल्यावर त्या दुकानात गेल्या. शिंपी वारला होता. यंत्रावर त्याची लेक बसली होती. तिने मान वर केली, पायाची गती कमी केली नाही. "बसा, बाई. काय शिवायचंय?"

"शिवायला आले नाही. तुझ्या मुलीला तू माझ्याशी बोलू नकोस म्हणून सांगितलंस. तिला शाळेत काही त्रास आहे का? असला तर मला कळायला हवं."

"का? दिवा लावून देणार आहात?"

यंत्र थांबले. नंतर ती शांतपणे बोलली. हातातला कपडा सरळ करीत, जणू मापच सांगत होती.

"मी सांगितलं होतं, कोंडतात. तुम्ही सांगितलंत, उजेड नाही. बाबा घरी येऊन कौतुकानं म्हणाले, बघ, शाळा पोरांचं किती ऐकते, लगेच दिवा लावणार आहेत. मी म्हटलं, बरं. त्या दाराला वर फट होती, आठवते? अंधार होता तेव्हा बाहेरून कोणाला काही दिसायचं नाही. मी कोपऱ्यात बसायचे, नकाशांच्या मागे. रडले तरी माझं मला. दिवा आल्यावर त्या पोरी बाकावर चढून आळीपाळीनं आत बघायच्या. बाहेरूनच दिवा लावायच्या, बाहेरूनच हसायच्या. अंधारात निदान मी दिसत नव्हते, बाई."

तिने लोंबता दोरा दाताने तोडला.

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आजी म्हणायची. मला तेव्हा हसू यायचं," शिंप्याची लेक म्हणाली. "आणि एक सांगते, राग मानू नका. त्या पोरींवर माझा राग नाही उरला. त्या पोरीच होत्या. तुम्ही 'कोण' म्हणून विचारलंत आणि मी सांगणार तोच हात वर केलात. तो हात मला अजून दिसतो."

"मी काय करू?" बाईंनी विचारले. चौतीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करणाऱ्या बाईंना स्वतःचे तेवढेच वाक्य सुचले.

"मला काय विचारता? माझं एकटीचंच असं झालं असेल तर ठीक आहे. तुम्हीच बघा, किती जणांचं असं केलंत." तिने यंत्र पुन्हा सुरू केले.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. पालकांची मते झाली. एका वाहनचालकाने गृहपाठ फार असल्याचे सांगितले. एका परिचारिकेने तो फार कमी असल्याचे सांगितले. दोघांनी एकमेकांकडे असे पाहिले की मागच्या रांगेत खसखस पिकली. शिंप्याची लेक दाराजवळ उभी होती. तिने मत दिले नाही.

नवे मुख्याध्यापक म्हणाले, "आता बाई विद्यार्थ्यांच्या सूचना मांडतील."

टपालबाई उभ्या राहिल्या. हॉलचे दार उघडे होते आणि व्हरांड्याच्या टोकाला, भर दुपारी, त्यांना ती रेघ दिसत होती. दिवसा ती कधी दिसली नव्हती.

"नकाशांच्या खोलीत नको वाटतं," त्या म्हणाल्या. "आत घालतात आणि बाहेरून कडी लावतात. आत अंधार असतो."

मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणून विचारले, "बाई, कुठल्या इयत्तेची ही मुलगी? कधी घडलं हे?"

"सहावीतली. तुम्ही तेव्हा स्वतः शाळेत शिकत असाल."

"मग आत्ता—"

"ते तेव्हा माझ्याकडून सांगायचं राहून गेलं. दुसरंच काहीतरी सांगितलं." त्यांनी टेबलाची कड धरली. "माझ्या खुर्चीसमोर जे कोणी काही बोलून गेलं असेल, त्यातलं खरं मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. नळ सांगितले, बाक सांगितले, दिवे सांगितले. आज तुमची मुलं काय म्हणाली, ते घरी गेल्यावर त्यांनाच विचारा. माझ्याकडून ऐकू नका."

एक पालक म्हणाले, "म्हणजे आमची पोरं खूश आहेत की नाहीत?" कोणीतरी कुजबुजले की निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो. टपालबाईंनी दाराकडे पाहिले. तिथली जागा रिकामी होती. शिंप्याची लेक सगळे ऐकून गेली की आधीच गेली, हे त्यांना कधीच समजले नाही, आणि विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटले नाही.

पुढचे असे झाले. नकाशांच्या खोलीची कडी काढण्यात आली, नंतर दारही. वस्तू आणि व्यक्ती यांविषयीचा नियम रद्द झाला; मुलांचे मत मुलांनीच, हवे तर आईबापांचा हात धरून, मांडावे असे ठरले. पहिल्या एकदोन सभांना एकही मूल उठले नाही. मग हळूहळू उठू लागली. शाळेविषयी पालकांचे मत त्यानंतर पूर्वीइतके चांगले राहिले नाही, आणि नव्या मुख्याध्यापकांनी ते लपवले नाही.

निवृत्तीनंतर टपालबाईंनी एक काम हाती घेतले. जुने विद्यार्थी जिथे भेटतील तिथे त्यांना गाठून त्या विचारू लागल्या, "तू तेव्हा मला काय म्हणाला होतास?" बहुतेकांना आठवत नसे. औषधांच्या दुकानातला एक जण हसत म्हणाला, "बाई, मी म्हणालो होतो गणिताचे सर डस्टर फेकून मारतात. तुम्ही सभेत सांगितलंत, फळा नीट पुसला जात नाही. मग सरांना आणखी दोन डस्टर मिळाले." दुकानातली सगळी गिऱ्हाइके हसली. बाईही हसल्या, घरी येऊन मात्र जेवल्या नाहीत. एक गृहस्थ त्यांना लांबून पाहून रस्ता ओलांडून पलीकडे जात. लहानपणी ते काय बोलून गेले होते, हे बाईंना काही केल्या आठवेना. कव्हर घालता घालता ऐकलेले. बोलतानाचा चेहरा पाहिलेला नव्हता. आवाजावरून ओळखावे, तर आवाज फुटून घोगरे झालेले.

शेवटच्या आजारात त्या ग्लानीत बोलत. बहीण उशाशी बसून ऐके. मुलांचे बोलणे असे, तुटक, सरळ, न सुधारलेले: ढकलतात, हसतात, माझा डबा उपडा करतात, मला कोणी जोडीला घेत नाही. एक वाक्य कोणा मुलाचे, दुसरे कोणा मुलीचे. बहिणीने एकदा विचारले, "ताई, हे कोणाचं?" त्यांनी डोळे उघडून सांगितले, "तेच तर."

विचारलेल्यांपैकी काहींची उत्तरे त्यांना आधी मिळाली होती, आणि त्यांच्यापाशी त्यांनी क्षमा मागितली होती. शिंप्याच्या लेकीपाशीही मागितली होती, दुकानाच्या पायरीवर उभे राहून; तिने ऐकले, "बघू" म्हणाली, आणि पुढे त्याविषयी काही बोलली नाही. तिची मुलगी आठवी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. जे सापडले नाहीत त्यांचे राहून गेले.