नावेवरचं लेकरू

माझे वडील पूर्णा नदीवर नाव चालवायचे. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या घाटावर पूल नव्हता. पावसाळ्यात सोनाळ्याकडे जायचं तर बाबांच्या नावेशिवाय गत्यंतर नसे. मोठ्या नावेत बैलगाडी बैलांसकट मावायची. तिच्यामागे दोराने बांधलेली एक डोंगी असायची, जेमतेम तीन माणसांची. नाव गाळात रुतली किंवा कुणी पाण्यात पडलं, की तिचा उपयोग. पण आमच्या घाटावर तिला डोंगी कुणी म्हणत नसे. तिला लेकरू म्हणत.

पाणी चढलं की लेकरू मागे ठेवून चालत नसे. धार त्याला एका अंगाला ओढते आणि मग ते मोठ्या नावेलाही आडवं करतं. म्हणून त्याला वर घ्यायचं. तेही नुसतं उचललं आणि ठेवलं असं नाही. आधी दोर ओढून त्याचं तोंड मोठ्या नावेच्या काठाशी आणायचं, कलतं करून आतलं पाणी सांडायचं, मग दोघांनी उचलून मधल्या फळ्यांवर पालथं ठेवायचं आणि दोन्ही टोकांना बांधायचं. पाण्यासकट उचललं तर नावच कलंडायची. बाबा सुकाणूवर उभे राहून ओरडायचे, "लेकरू घ्या!" तेवढ्यावर दोन्ही नावाडी बांबू टाकून मागे धावत, आणि वजन सारखं राहावं म्हणून उतारू न सांगता दुसऱ्या काठाला सरकत. सगळ्यांना ते पाठ होतं. नावेत एखादी नवखी बाई असली तर ती हाक ऐकून आपलं पोर छातीशी घट्ट धरायची आणि सगळी नाव हसायची.

मी सांगते त्या वर्षी चैत्रात मायला मुलगा झाला. माझ्यानंतर सोळा वर्षांनी. मी तेव्हा सासरी होते, नदीपलीकडे. बारशाला न्यायची कुंची मी शिवत होते, तोवर दुसरा निरोप आला. नवव्या दिवशी ते गेलं. बारसं झालं नव्हतं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. नऊ दिवस घरात सगळे त्याला लेकरूच म्हणत होते.

बाबांनी त्यानंतर तो शब्द टाकला. घाटावर ते डोंगीला नुसतं "ते" म्हणू लागले. पंचमीला मी माहेरी आले तेव्हा मीही त्यांच्या बाजूने पहाऱ्याला उभी राहिले. माझी जीभ मुळातच तिखट. भाजीची टोपली घेऊन दारात आलेल्या एका बाईने मायसमोर सहज विचारलं, "लेकरू कुटं बांधलं वं आज?" तिला मी अशी झापली, की ती बिचारी टोपली उचलून तडक घाटाकडे निघाली. माय खाली मान घालून ज्वारी निवडत होती. मला वाटलं, मी तिला किती जपते आहे.

पंधरा दिवसांनी मी सासरी परत निघाले, तेव्हा मला पोचवायला माय नावेत बसली. चैत्रानंतर पहिल्यांदाच. नावेत सोनाळ्याचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन होता, आणखी चार-पाच बाया होत्या. निघालो तेव्हा पाणी बरं होतं; त्या पावसाळ्यात डोंगी वर घ्यायची वेळ अजून आलीच नव्हती. मध्यावर आलो आणि वरून गढूळ लोंढा आला, फांद्या आणि काटक्या घेऊन. मागची डोंगी पाण्याने भरली, धारेला लागली आणि आमची नाव फिरायला लागली.

बाबा ओरडले, "ते घ्या! अबे, ते घ्या!"

नावाडी पुढच्या टोकाला, बाबांकडे पाठ करून बांबू रेटत होते. एकाला वाटलं, ते म्हणजे दोर. तो पुढचा दोर गुंडाळू लागला. दुसऱ्याने जाऊन बैलाची वेसण धरली. उतारू जागचे हलले नाहीत. बैल बिथरले, डावा काठ पाण्याला टेकला आणि माझ्या पायांवरून पाणी आत आलं. मी बाबांकडे पाहिलं. ते मायकडे पाहत होते, तोंड उघडं होतं आणि शब्द काही फुटत नव्हता. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी माया आली, की मी स्वतःही ओरडायचं विसरले.

माय उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला, त्याचंही तिला भान नव्हतं.

"लेकरू घ्या!" ती ओरडली. "आदी पानी सांडा, मंग लेकरू घ्या!"

सगळे उतारू एकदम उजवीकडे सरकले. नावाडी धावत मागे आले. डोंगी रिकामी झाली, वर आली आणि पालथी होऊन मायच्या गुडघ्यांपाशी फळ्यांवर बसली. नाव सरळ झाली. मायने डोंगीच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि काठ येईपर्यंत काढला नाही.

पैलतीरी गाडी उतरली, माणसं पांगली. नाव बांधून बाबा आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुमी काऊन नाई म्हनलं?" मायने विचारलं.

"तुह्यासमोर कसं म्हनू?"

"मंग कोनासमोर म्हनसान?" माय म्हणाली. "चार महिने झाले, मी वाट पाहून राह्यली, का कोनी तरी त्याले हाक मारन. त्याले तेवढंच एक नाव होतं. तेबी तुमी बाप-लेकीनं घेऊन टाकलं."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पंधरा दिवस मी त्या घरात होते आणि एकदाही काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, "कसं होतं वं माय ते?"

माय काठावरच्या दगडावर बसली. "सावळं होतं, तुह्यावानी. मुठी वळून झोपे. दूध पेतापेता मधातच थांबे आन् मह्याकडे पाहे."

"डाव्या कानामागं तीळ होता," बाबा म्हणाले.

माय चमकली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी जायची रीत नव्हती. नऊ दिवस बाबा दाराबाहेरूनच विचारपूस करत होते.

"तुमाले कसं ठाऊक?"

"मीच तं नेलं त्याले," बाबा म्हणाले. "घरापासून नदीपर्यंत मह्या हातात होतं. तेवढ्यात पाहून घेतलं."

माय थोडी सरकली आणि दगडावर तिने त्यांना जागा केली.

"आनखी काय पाह्यलं?" ती म्हणाली. "सांगा मले."