तांगडे मॅडमची सभा: लेखक गप्प, वाचक बोलके

प्रा. कुसुम तांगडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका नामवंत कथाकाराला दटावताना. मी तेव्हा अंबडला बी.ए. करत होते आणि विद्यापीठाच्या जालन्यातल्या केंद्रात मॅडम भरवत असलेलं जाहीर लेखकवाचन ऐकायला गेले होते. वाचन झालं, चर्चा सुरू झाली आणि पाहुणे मध्येच खुलासा करू लागले. मॅडम म्हणाल्या, "सर, आता तुमची पाळी नाही. वाचकांचं होऊ द्या." पाहुणे मुकाट बसले. मला तर बाई भलत्याच आवडून गेल्या!

हा त्यांचा नियम आजही कायम आहे. लेखकानं वाचावं आणि मग चर्चा संपेपर्यंत चकार शब्द काढू नये. हात वर करणारा प्राध्यापक असो की भाजीवाली, मॅडम दोघांनाही सारख्याच आदरानं बोलू देतात. हसनाबादहून येणाऱ्या एका आजोबांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्यासाठी पुढची खुर्ची त्या स्वतः धरून ठेवतात.

या नियमात एकदा मीच सापडले. ठरलेले लेखक ऐनवेळी आले नाहीत. मॅडमनी माझी एक कथा वाचलेली होती. त्यांनी मलाच व्यासपीठावर बसवलं. कथेतला बाप शिवणकाम करतो आणि लेकीला न विचारताच तिचं शिक्षण थांबवून लग्न ठरवायला निघतो. तो बाप म्हणजे माझे अब्बा, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. आणि अस्तराचं कापड घ्यायला जालन्याला आलेले अब्बा मला सोबत न्यायला म्हणून मागच्या रांगेत येऊन बसलेत, हे वाचन संपेपर्यंत मला ठाऊक नव्हतं!

श्रोते त्या बापावर तुटून पडले. तेवढ्यात अब्बा उठले. "त्या बापाची बाजू सांगू का?"

"अवश्य सांगा, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

"त्याला लहानपनी कोनी काही विचारलं न्हाई. मंग विचारायचं असतं, हे त्याला कसं समजावं? अन् पोरगी तरी कुठं बोलली? लिहीत बसली."

मी रडवेली होऊन मॅडमकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा अस्सा राग आला! शिक्षण तर जाणारच होतं, आता अब्बाही तुटणार, असं वाटलं.

चर्चेनंतर मॅडमना सगळं कळलं. दुसऱ्याच दिवशी त्या एसटीनं अंबडला आमच्या दुकानात आल्या आणि अब्बांपुढे हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी झाली. काही चौकशी न करता मी तिला वाचायला बसवलं." एवढ्या मोठ्या बाई, पण चूक कबूल करताना कसला म्हणून संकोच नाही.

अब्बा गडबडले. "माफी कशाची, मॅडम? चहा घ्या." पण त्यांचा मशीनवरचा हात थांबला होता. मग त्यांनी विचारलं, "एम.ए. किती सालचं असतं?"

"दोन. पण करायचं की नाही, ते मला नका विचारू. ती बसलीय ना समोर."

अब्बा माझ्याकडे वळले. "बोल बेटा, तुला काय करायचंय?"

असं त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं. मी सांगितलं.

आज मी त्याच केंद्रात मराठी शिकवते. मॅडम साठीत पाऊल टाकत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मागणं तर आम्हा सगळ्यांचंच आहे. तरी काल अब्बांना विचारलं, तुमच्या वतीनं काय लिहू? ते म्हणाले, "लिही, सेहत सांभाळा म्हनावं. अजून बहुत बापांच्या दुकानात जायचंय तुम्हाला."