आयव्हीएफचे ‘एक्स्ट्रा’ आणि औषध न पाजलेल्या मेंढ्या

गेल्या मंगळवारी भर मीटिंगमध्ये एका म्हातारीने माझी लाज काढली... आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

जागा, आपल्या संभाजीनगरातलं एक आयव्हीएफ सेंटर. नाव लिहीत नाही, कारण एकाचं लिहिलं तर बाकीचे उगाच साळसूद ठरतील. त्या महिन्यात ज्यांच्या पोटात गर्भ सोडायचा आहे अशा जोडप्यांना एकत्र बसवून माहिती देतात, तिथे मी आणि माझा नवरा निखिल बसलो होतो.

आमची ही तिसरी खेप. फ्रीजरमध्ये आमचा एकच गर्भ उरलाय, शेवटचा. पुन्हा ती इंजेक्शनं, ती भूल, हे आता माझ्याच्याने होणार नाही, असं आमचं ठरलंय.

काउन्सेलर मॅडम पडद्यावर ‘एक्स्ट्रा’ दाखवत होत्या. गर्भ रुजावा म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला आधी ओरखडा काढायचा, गर्भ चिकटावा म्हणून ग्लू, अंगाने तो स्वीकारावा म्हणून सलाईनमधून काहीतरी पांढरं... मला सगळं पाठ होतं. पहिल्या वेळी ग्लू घेतला, राहिलं नाही. दुसऱ्या वेळी ओरखडाही काढून घेतला, टेबलावर ओरडले मी, तरी राहिलं नाही.

आणि तेव्हा कोणी म्हणालं का, की हा उपाय चालला नाही? छे! ‘तुमचं अस्तर साथ देत नाहीये, या वेळी आणखी एक ॲड करू.’ यांचा उपाय कधी नापास होतच नाही हो. नापास फक्त बाई होते. दोन्ही वेळा घरी येऊन मी निखिलची माफी मागितली होती.

तर ती म्हातारी. सोयगावकडची, मेंढपाळ घरातली. दुष्काळामुळे मुलगा मेंढरं घेऊन गंगापूरकडे गोदाकाठाला गेलेला, म्हणून सुनेसोबत ती आली होती. खरं सांगते, आल्यापासून डोक्यात गेली होती ती माझ्या. लायनीत पुढे घुसली, शहरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही आणि हिने सेंटरच्या कूलरवर चार बाटल्या भरून घेतल्या, वर मला तोंडावर विचारलं, ‘किती वर्सं झाली लग्नाला?’

मॅडमचं बोलून झाल्यावर हिने हात वर केला. म्हणाली, ‘बाई, मागं आमच्याकडं एक जण पावडर इकाया आला व्हता. हिनं मेंढ्या गाभ धरत्यात म्हणला. आमी अर्ध्या मेंढ्यांला पाजली. अर्ध्यांला नाय पाजली, त्यांच्या पाठीला गेरू लावला, वळखू याव्या म्हून. दोन्हीकडं सारख्याच गाभण राहिल्या, मंग दिला त्याला हाकलून. तर तुमी ज्या बायांला हे नाय दिलं, त्यांच्यात कितींला राहिलं?’

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, ‘आजी, बायका आणि मेंढ्या सारख्या नसतात.’ मीही हसले, खोटं कशाला बोलू. सून बिचारी तिचा पदर ओढत होती.

आजी काही हसली नाही. ‘व्हय, नसत्यात. म्हून तर इचारलं. मेंढ्यांची आमी गिनती ठिवली. बायांची तुमी ठिवली आसंल ना?’

मॅडमनी पुढची स्लाइड लावली.

आता माझी लाज ऐका. मी बिडकीनच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सप्लायरने नवीन कोटिंग आणलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, कोटिंग लावलेले आणि न लावलेले, दोन्ही पार्ट टेस्ट करून दाखव. लोखंडाच्या तुकड्यासाठी जे रोज विचारते, ते स्वतःच्या पोटासाठी एकदाही विचारलं नाही मी! गरजवंताला अक्कल नसते... आणि हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

केबिनमध्ये गेल्यावर आजीचा प्रश्न मी डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, ‘ठोस पुरावा आहे असं नाही म्हणता येणार. काहींवर अभ्यास चालू आहे. पण करून घेतलेलं बरं, नुकसान तर काही नाही ना?’

नुकसान नाही? ओरखडा कोणाला काढला होता, त्यांना? डोकं असं सणकलं माझं... निखिल टेबलाखालून माझा हात दाबत होता. त्याच्यावर नाही चिडले मी, तो घाबरला होता. ‘घेऊन टाकू ना, नंतर रुखरुख नको,’ एवढंच म्हणाला.

मी नको म्हटलं. लगेच समोर फॉर्म आला, हा भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही म्हणे. ‘वरील उपाय मी स्वतःच्या जबाबदारीवर नाकारत आहे.’ म्हणजे उपाय विकताना जबाबदारी कोणाचीच नाही आणि नाकारला की माझी! मी पेन घेतलं आणि खाली एक ओळ लिहिली, ‘यांचा फायदा होतो याचा ठोस पुरावा नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं.’ म्हटलं, सर, याखाली तुम्ही सही करा, मग वर मी करते.

सरांनी फॉर्म उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. म्हणाले, ‘राहू द्या, याची काही गरज नाही.’ इतका वेळ जो फॉर्म भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, तो फॉर्म!

शुक्रवारी गर्भ सोडला. नेहमीच्या गोळ्या सोडल्या तर बाकी काही घेतलं नाही. निकालाला अजून आठवडा आहे.

आणि कबूल करते, सगळं कळूनही काल पोळ्या लाटताना मनात आलंच... तो ग्लू घेतला असता तर? याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. उपाय नाकारला, पण त्याची भीती मात्र त्यांनी माझ्या पदरात टाकलीच.

आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्या सुनेला राहू दे, अगदी मनापासून म्हणते. माझं बाळ राहील की नाही, ते माझ्या हातात नाही... पण नाही राहिलं, तर या वेळी मी निखिलची माफी मागणार नाही.